दीड बोट जास्त

बाबा, तुमाले हसू येईल, पण मी तुमाले एका बुटाच्या जोडीबद्दल लिहून राहिलो. सायकल चालवायच्या बुटाबद्दल. तुमी गेले तेव्हा आपली बारकी पहिलीत होती. आता ती बारावीत हाये अन् सायकलच्या शर्यतीत उतरते. अन् मी बंगलोरले एका छोट्या कारखान्यात हाये, जिथं असे बूट एकेकाच्या पायाच्या मापानं बनवतात. मी शाळा सोडली तेव्हा तुमी म्हणाले होते, "तुह्या बुडाले कुठीच चैन नाही, तू कुठी टिकशील रे?" सुरतेले टिकलो नाही, पुण्याले टिकलो नाही. इथं टिकलो. पायांत काय ठेवलं हाये कोण जाणे, पण टिकलो.

इथं गिऱ्हाईक येते, नरम फोमच्या पेटीत पाय रोवते, अन् त्या खड्ड्यात मी प्लास्टर ओततो. पायाचा साचा निघते. त्या साच्यावर कार्बनचा तळ बसवतात अन् भट्टीत भाजतात. एकदा भाजला का दगड. मग त्यात फेरफार नाही. एका जोडीच्या पैशात आपल्याकडे जुनी मोटरसायकल येते. पहिल्यांदा भाव ऐकला तेव्हा मले वाटलं, हे लोक येडे हायेत. काही असतातही, एक साहेब तीन जोड्या घेऊन गेले अन् सायकलवर चहाच्या टपरीपलीकडे जात नाहीत. पण एक मॅडम होत्या, त्यांच्या पायाची बोटं सुन्न व्हायची. बूट नेल्यावर महिन्यानं त्या फक्त एवढं सांगायले परत आल्या का आता पाय आपला वाटते. त्या दिवशी मले बारकीचा डावा पाय आठवला.

तुमी तर तो कधी इसरलेच नाही. कौंडण्यपूरच्या जत्रेतून आपण परत येऊन राहिलो. मी दांडीवर, बारकी मागं कॅरेजवर, हातात फुगा. तिले डुलकी लागते अन् पाय मागच्या चाकात जाते. तुमी हातानं तारा वाकवून पाय काढून राहिले अन् तोंडानं एकच, "काही नाही झालं माय, काही नाही झालं." अकोल्याच्या डॉक्टरनं हाड बसवलं, पण ते थोडं वर आलं ते आलंच. त्यानंतर तुमी कॅरेजवर कोणाले बसू दिलं नाही. बारकी संगं असली का तुमी सायकल हातात धरून तिच्या बाजूनं पायी चालायचे. लोक हसत, "काहो, सायकल फिरवायले आणली का?" तुमी तसेच चालत राहायचे.

बाजारातल्या कोणत्याही बुटात ते हाड दबते. अर्ध्या तासात तिचा पाय सुन्न पडते, अन् मग ती एका पायानं सायकल हाणते. तरी जिल्ह्यात पुढं यायची. अमरावतीच्या खेळाच्या वसतिगृहात निवड व्हायची होती, यंदाच, कारण पुढच्या साली तिचं वय निघून जाते. निवड झाली असती तर सायकल, खाणं, शिकणं सगळं तिथं. नाही झाली तर मामानं पाहून ठेवलेलं स्थळ हाये. मी मालकाले विचारलं. तो म्हणाला, मालाचे पैसे पगारातून कापू, मजुरी तुझी तू कर. मले सुट्टी नव्हती, म्हणून मायले फोनवर समजावलं: कागदावर पाय ठेव, पेन्सिल पायाले चिकटवून उभी धर, भोवती फिरव. टेपानं घेर मोज.

कागद आला. साफ रेघ, कुठी खाडाखोड नाही. पाय मले मोठा वाटला. पण दोन वर्षं घरी गेलो नव्हतो, मले वाटलं पोट्टी वाढली. इथं एकटा बसून मी खूशही झालो, का वाढली.

बूट पोचले त्या दिवशी फोन केला.

"कसे हायेत?"

"मस्त हायेत दादा. चमकतात."

"टाच वर उठून राहिली का?"

ती हळू म्हणाली, "दादा, माय बाजूलेच बसली हाये."

तेवढ्यात मायनं फोन घेतला. "तू तिकडे कारागीर झाला, पण माप मलेच घेता येते, सांगून ठेवतो. तुह्या बाबासारखं घेतलं. ते एक बोट जास्त धरत. त्यांचं बोट जाड, माह्यं बारीक, म्हून म्या दीड धरलं. पोट्टी कॉलेजले गेली अन् म्या नव्या कागदावर पहिल्या रेघेपासून तेवढं सोडून रेघ मारली. टेपही सैल धरला. दोन-तीन सालं काई पाहा लागत नाही!"

मी म्हणालो, "बरं केलं माय."

तुमी आमाले बाजारात नेत नव्हते. सुतळीनं आमचा पाय मोजायचे, वरून आपलं बोट ठेवायचे अन् तिथं सुतळी तोडायचे. चांदूरच्या बाजारातून जोडा यायचा तो नेहमी पुढच्या सालचा. आपल्याच वावरातला कापूस पुढं कोंबून आमी शाळेत गेलो. त्या जोड्यांचं चाललं. पण हा बूट पायाशी गच्च असला तरच कामाचा. सैल असला तर साध्या जोड्यापेक्षाही वाईट. पाय आत पुढं सरकते अन् ते वर आलेलं हाडच जाऊन आदळते. मालक म्हणाला, नवीन साचा, नवीन तळ, महिना लागेल. निवडीची शर्यत रविवारी होती.

शनिवारी बारकीनं गच्चीवरून लपून फोन केला. "दादा, जुने कॅनव्हासचे घालू का हे घालू?"

जुन्यात पाय सुन्न पडणार, नव्यात हाड ठेचणार. रोज लोकांचे पाय हातात घेणारा मी, मले सांगता आलं नाही. म्हणालो, "तुले जसं वाटते तसं." ती म्हणाली, "माय डबा घेऊन रस्त्यावर उभी राहणार हाये. ती पाह्यल ना पायाकडे."

तिनं नवेच घातले. अकोला रोडवर बडनेऱ्याच्या पुढपर्यंत ती पहिल्या घोळक्यात होती, मग मागं पडली. तिची निवड झाली नाही. पाय सुजला तो तिनं मायपासून ओढणीखाली झाकून ठेवला. माय फोनवर म्हणते, "इतके महागाचे बूट, पण पोट्टीले सवय नव्हती ना. पुढच्या साली बरोबर बसतीन."

काल एका गिऱ्हाइकानं मले विचारलं, भाई, इतना पैसा वसूल होता है क्या? मालक बाजूले होता. मी हो म्हणालो.

ही चिठ्ठी तुमच्या फोटोपुढं ठेवायले घरी धाडली तर मायले वाचता येत नाही, बारकीच वाचून दाखवील, अन् मग मायले त्या मापाचं कळल. म्हणून इथंच ठेवतो. खरं सांगू का, तुमच्यावर राग काढायले बसलो होतो बाबा, त्या चाकाचा अन् त्या बोटाचा. तो काही काढता आला नाही.