कोरड्या हवेतलं दुकान

२ फेब्रुवारी, सकाळ
आलो. सुटलो! समुद्राला आणि घरमालकाला एकदाच रामराम. भाडं असं मागायचा, जणू समुद्र त्यानेच खोदलाय. खारी हवा फुकट. तिने माझी स्कूटर खाल्ली, पंखा खाल्ला, बायकोच्या शिलाई मशीनचं पायडल खाल्लं. इथे त्याहून कमी पैशांत स्वतःचं घर. पाच खोल्या, अंगण, रस्त्याला लागून दुकानाचा गाळा. आज बायको सापडेना. शेवटच्या खोलीत होती.

ट्रक भरताना मेहुणा म्हणत होता, "दाजी, धंद्याचा अंदाज घेतलात का? तुमचा गाळा मी चालवतो, परत आलात तर बघू." परत? एका तारेच्या ब्रशवर ज्याने अर्ध्या शहराची ग्रिलं आणि जिने सांभाळले, त्याला हा अंदाज शिकवणार! लोखंड तिथे गंज, गंज तिथे मी. दुकान चालवून दाखवणार, नाहीतर त्याला तोंड दाखवणार नाही.

५ फेब्रुवारी
बोर्ड लावला. ‘गंजलेलं गेट, ग्रिल, जिना कापून, जोडून, रंगवून मिळेल.’ गिऱ्हाईक नाही. नवीन माणसाकडे यायला लोक लाजतात.

११ फेब्रुवारी
लाज पुरे झाली. एकजण पत्ता विचारून गेला. दुसऱ्याने बोर्ड मोठ्याने वाचला, हसला आणि गेला. यात हसण्यासारखं काय आहे?

बायकोचं मजेत. गुडघा दुखत नाही म्हणे. शेजारच्या शिवणवाल्या बाईंशी भिंतीवरून गप्पा चालतात. मी विचारलं, त्यांच्या गेटचा विषय निघाला का? म्हणाली, "अहो, माणसं गेटबद्दल बोलत नाहीत."

१८ फेब्रुवारी
स्वतःच सर्व्हेला निघालो. माझे कान म्हणजे मशीन. हातोडी टेकली की लोखंड आतून किती खाल्लंय ते सांगतो. सडलेलं लोखंड ‘ठप’ बोलतं. शाळेचं गेट: टण्ण. दवाखान्याचा जिना: टण्ण. पाण्याच्या टाकीची शिडी, वयाने माझ्याहून मोठी, अंगावर रंगाचा टिपूस नाही: टण्ण! संध्याकाळपर्यंत डोकं उठलं. एवढ्या गावात एक प्रामाणिक ‘ठप’ नसावा?

१९ फेब्रुवारी
सिमेंटच्या दुकानदाराला जाब विचारला. म्हणतो, "काका, इथली हवा कोरडी. लोखंड गंजत नाही. घर घेताना कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?" तोंडावर खोटं! माझा जन्म गंज खरवडण्यात गेला आणि हा मला गंज शिकवतो. खर्च करायची दानत नाही, म्हणून हवेवर ढकलतात.

वर विचारतो, कारखान्यातून तयार गेटं येतात, ती बसवायला जाल का? साफ सांगितलं, मी डॉक्टर आहे, सुईण नाही. पायरी उतरतो न उतरतो तोच मागून ऐकू आलं, "हेच ते टणटणकाका." कान तिखट असण्याचा हा तोटा.

२७ फेब्रुवारी
दोष जाहिरातीचा आहे. रोग दाखवल्याशिवाय औषध खपत नाही. दुकानात एक सडलेलं ग्रिल टांगायचं ठरवलं. मिळालं नाही. भंगारवाल्याकडेसुद्धा नाही! त्याचं भंगार माझ्या नव्या सळ्यांपेक्षा चकचकीत. याला भंगारवाला कोण म्हणेल?

घरीच गंज तयार करणार. अंगणात सळी ठेवली. तिला सकाळ-संध्याकाळ मिठाचं पाणी.

४ मार्च
आज सळीवर छान तांबूस छटा आली होती. बायकोने धूळ समजून पुसली. वर मलाच विचारते, मिठाचा डबा रिकामा कसा? रागाने जाऊन मिठाचे दोन पुडे आणले, एक तिला, एक सळीला.

१२ मार्च
शेवटी मेहुण्याला फोन करून ग्रिल मागवलं. हसला नाही, हीच मेहेरबानी. मागे ग्राइंडर चालू, तीन गिऱ्हाइकं एकदम बोलत होती. एकाचा आवाज ओळखला. माझं गिऱ्हाईक! मेहुणा म्हणाला, "दाजी, हात पुरत नाहीत. येता का थोडे दिवस?" म्हटलं, मला मरायला फुरसत नाही.

२० मार्च
ग्रिल आलं. काय देखणं! बोट लावलं की पापुद्रे गळतात. दुकानात मधोमध टांगलं आणि दुपारपर्यंत ही गर्दी! सिमेंटवाला आला. मास्तर पोरांची रांग घेऊन आले. "बाप रे, लोखंडाचं असं होतं?" "आणि तिथे माणसं राहतात?" शिवणवाल्या बाईंनी तिथूनच मुलाला फोन लावला, "तिकडची नोकरी घेऊ नकोस रे बाबा. तिथे लोखंड टिकत नाही, तू काय टिकणार!"

दुकान जोरात आहे. काम तेवढं कुणी दिलेलं नाही.

२९ मार्च
सगळ्यांचं बघून झालं. आज मास्तर आले. विज्ञानाच्या खोलीत मांडायला ग्रिल हवंय, फुकट. माझं दुकान म्हणजे काय म्युझियम? ओरडून घालवलं.

जेवताना बायको म्हणाली, "अहो, ते तुम्हाला हसत नाहीत. तुमच्याजोगं इथे काही काम नाही, म्हणून त्यांना वाईट वाटतं. मलाही वाटतं." असा भडकलो! ताटावरून उठलो आणि पाची खोल्यांतून तरातरा फिरलो. या घरात चिडायला जागा मात्र भरपूर.

६ एप्रिल
थंड डोक्याने निर्णय घेतला. धंद्याचा विस्तार. हेड ऑफिस इथे, ब्रँच समुद्राकाठी. नव्या ब्रँचला मालकाने स्वतः बसावं लागतं. बायकोला म्हटलं, बॅगा भर. तिने एकच भरली. म्हणाली, "तुम्ही जा, सुट्टीला येत जा. मी इथेच बरी."

बरोबर आहे. हेड ऑफिसला कुणीतरी हवंच.

१४ एप्रिल, दुपार
ब्रँच. सकाळपासून तीन जिने ठोकले. ठप, ठप, ठप. कान तृप्त झाले. मेहुणा गिऱ्हाइकाला म्हणाला, "हे आमचे दाजी, आपल्याकडेच असतात कामाला." सुधारणार होतो, पण तोंडावर मास्क होता.

डबा खाताना बायकोचा फोन. गाळा शिवणवाल्या बाईंबरोबर चालवायला घेतलाय, शाळेचे सगळे गणवेश मिळालेत. "हात पुरत नाहीत हो," म्हणाली. मला न विचारता! मालक कोण आहे या धंद्याचा? सज्जड चार शब्द ऐकवायचे होते. फोन पुन्हा लावणार, एवढ्यात आतून मेहुणा ओरडला, "दाजी, सुट्टी संपली!"