नाताळच्या सुट्टीतली अनाथ

बाबा,

शाळेची स्मरणिका निघते आहे. परवा चर्चचा तरुण सेक्रेटरी घरी आला होता. म्हणाला, "बाई, तुमच्या वडिलांवर पानभर लिहून द्या. मुलांच्या शिक्षणासाठी सायकलवरून गावोगाव हिंडणारी माणसं आपल्यात होती, हे आजच्या पोरांना ठाऊकच नाही." मी पानभर लिहून दिलं, आणि चांगलं लिहिलं. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतची वाट, मधल्या खाड्या, मचव्यात आडव्या घातलेल्या सायकली, तुमच्या पाठीवरचा घाम, सगळं आलं त्यात. जन्मभर मुलींचे निबंध तपासले, तेव्हा निबंध कसा जमवायचा एवढं मला कळतं. तो पोरगा कागदाची घडी खिशात घालून गेला आणि मी तशीच बसून राहिले. त्या पानात मी कुठेच नव्हते. वाचणाऱ्याला वाटेल, तुमच्या कॅरिअरवर एखादी पिशवी बांधलेली असावी. पिशवी नव्हती, मी होते. वय वर्षं अकरा.

आता माझी सत्तरी उलटली. माणसाला या वयात कशाचं नवल वाटू नये म्हणतात. मला अजून वाटतं. त्या चार दिवसांची आठवण आली की आजही हातातलं काम थांबतं आणि मी स्वतःशीच म्हणते, असं खरंच झालं? माझ्या बाबांनी केलं?

सन तीस उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मुलींच्या बोर्डिंगात जागा उरली नव्हती, आईबाप नसलेल्या पोरींना दारातून परत पाठवावं लागत होतं, आणि ते तुम्हाला सोसत नव्हतं. नाताळच्या सुट्टीत नव्या खोलीसाठी वर्गणी मागायला तुम्ही तिघं सायकलवरून निघालात: तुम्ही, आपल्या चर्चचे म्हातारे पाळकसाहेब आणि दवाखान्यातले कंपाउंडर. "बैलगाडीतून जाऊन मागितलं तर लोक म्हणतील, गाडीला आहेत तर शाळेला का नाहीत? पाय झिजवून दारात आलेल्याला कोणी रिकाम्या हाताने पाठवत नाही," हे तुमचं म्हणणं. बरोबर बोर्डिंगातली एक मुलगी न्यायची होती, लोकांना दाखवायला. तिला आई नव्हती, बाप नव्हता, आणि वाचायची मात्र खडाखडा. आदल्या संध्याकाळी तिला ताप भरला. तुम्ही घरी आलात, चुलीपाशी बसलेल्या आईला म्हणालात, "हिला नेतो. हिलाही वाचता येतं." आईने खोबरेल लावून माझ्या दोन घट्ट वेण्या घातल्या, कॅरिअरवर गोणपाटाची घडी बांधली. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. तेव्हा आपल्याकडे सायकलवर बसलेली दुसरी मुलगी मी पाहिली नव्हती.

रेवदंड्याला एका वाडीत माणसं जमलेली आहेत. अंगण सारवलेलं आहे, तीन सायकली नारळाला टेकवून ठेवल्या आहेत आणि लोक आधी त्याच बघतायत. तुम्ही बोलायला उभे राहता. ते भाषण मला तोंडपाठ होतं, महिनाभर तुम्ही ते घरात येरझाऱ्या घालत घोकलं होतं. "ही मुलगी पाहा. हिला आई नाही, हिला बाप नाही. पण वाटेल तो कागद हिच्या हातात द्या." हे वाक्य आलं आणि तुमचा हात सवयीने बाजूला गेला, जिथे ती मुलगी उभी राहायची होती. तिथे मी होते. मला वाटलं, आता तुम्ही जीभ चावाल. पाळकसाहेब खाकरतील, ज्यांनी माझ्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं ते. तुम्ही पुढचं वाक्य घेतलंत. पाळकसाहेब स्वतःच्या जोड्यांकडे बघत होते. कोणीतरी माझ्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा दिला, तो मी वाचला, आणि पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. तुम्ही ते पाहिलंत. मी तुम्हाला पाहताना पाहिलं.

वाटेत मी वाट बघत होते, आता सांगाल, मग सांगाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाय बाहेर ठेव, आऱ्यांत अडकेल." शेवटी खाडीच्या मचव्यात, कोर्लईचा डोंगर समोर दिसत असताना, मीच म्हटलं, "बाबा, आई मेलेली नाही."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मी त्या आजारी पोरीबद्दल बोलतो, बाळ. ती आहेच ना अनाथ? ती फक्त इथे नाही, एवढंच." मग दुसरीकडे बघत, "आणि हे बघ, लोकांसमोर मला बाबा म्हणू नकोस. मास्तर म्हण."

बाबा, तुम्ही मला एकदा चर्चच्या दानपेटीत खोटं नाणं टाकल्याबद्दल दोन तास उभं केलं होतं. ते नाणं खोटं आहे हे मला ठाऊकही नव्हतं. आणि आता तुम्हीच, इतक्या सहज! माझ्या कानशिलात कोणी मारली असती तरी मी एवढी हादरले नसते.

काशीदला ओहोटी साधून तुम्ही ओल्या घट्ट रेतीवरून सायकली हाणल्या. रस्त्यापेक्षा तिथे चाक छान चालायचं. तिथल्या भाषणात माझे आईबाप पटकीने गेले, एकाच आठवड्यात, आधी बाप मग आई. हे घोकलेल्या भाषणात नव्हतं, हे तुम्हाला तिथेच सुचलं. एक म्हातारी मला जवळ घेऊन म्हणाली, "काय गो बाय तुझं नशीब! इतकीशी पोर, न् मागं कुनी न्हाय." तिने माझ्या हातावर पेरू ठेवला. तो मी खाल्ला, आणि तो गोड होता, हेही सांगायला हवं. नंदगावला मी न सांगता खाली मान घालून उभी राहिले. कंपाउंडर हळूच म्हणाले, "पोर तयार झाली." त्यांना ते कौतुक वाटलं.

मग मुरूड. नबाबाची हद्द, आणि एका मुसलमान व्यापाऱ्याचं घर, ज्याची गलबतं मुंबईला जायची. शिक्षणाचं काम म्हटल्यावर त्यांनी धर्म विचारला नाही, तुम्हा तिघांना पडवीत बसवून चहा दिला. मला घरातल्या बायकांनी आत नेलं. मधल्या दाराला जाड पडदा होता. बाहेरचं बोलणं आत येत होतं, आतलं बाहेर. घरधनीण चाळिशीची असेल, तिला मूल नव्हतं. तुमचं भाषण तिने पडद्याआडून ऐकलं आणि मला मांडीशी ओढून शेजारपाजारच्या बायकांना हाक मारली. "यतीम पोर हाय. हिच्या डोक्यावरनं हात फिरवा गो. जितक्या केसांवरनं हात फिरंल तितकी नेकी लिहिली जाती." एकेक बाई पुढे येते, मायेने हात फिरवते, तोंडातल्या तोंडात काही म्हणते, डोळ्याला हात लावते. सात जणी होत्या. आईने घातलेल्या वेण्या केव्हाच सुटल्या होत्या, त्या केसांतून ते हात जात होते. त्यांची नेकी खरी होती, बाबा. यतीम तेवढी खोटी होती. मला वाटलं, मी या बायकांच्या घरात शिरून त्यांचं पुण्य चोरते आहे, आणि चोरी करायला मला तुम्ही आत पाठवलं आहे.

त्यांच्यात यतीमाला फसवणं, यतीमाच्या नावावर खाणं याहून मोठं पाप नाही. तुम्हाला हे माहीत होतं. अलिबागच्या त्यांच्या मुलांना तुम्हीच शिकवत होतात.

घरधनिणीने माझे केस विंचरले, नारळाच्या दुधातलं मटण आणि तांदळाची रोटी समोर बसून खाऊ घातली, आणि मग पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "मास्तर, ही पोर मला द्या."

बाहेर बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला.

"हिला शाळेत घालीन. तुमच्याच शाळेत घाला म्हनलात तर तुमच्याच. धरम बदलायची न्हाय, अल्लाची कसम. माझं घर मोकळं हाय हो." ती रडत नव्हती, अगदी सरळ मागत होती. "हिचा कुनी हाय का? चुलता, मामा, कुनी?"

मी त्या पडद्याकडे बघत होते. त्याला खाली तांबडी किनार होती आणि किनारीखालून तुमच्या पायांचे अंगठे दिसत होते. माझा जीव त्या अंगठ्यांत गोळा झाला होता. आता तरी म्हणा, आहे, मी आहे. एवढं बोला, मग वर्गणी गेली खड्ड्यात. मी तुमच्याबरोबर इथून अलिबागपर्यंत चालत येईन.

तुम्ही म्हणालात, "कोणी नाही."

मग तिने माझी हनुवटी वर केली. "बेटी, तूच सांग. कोन हाय तुझा? बापूस?"

मी मोठ्याने म्हटलं, "मेला. माझा बाप मेला."

बाहेरून घरधन्यांचा आवाज आला, समजुतीचा. "ऐक गो. पोर शाळेची अमानत हाय. दुसऱ्याची अमानत आपन ठेवायची न्हाय." तिने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मला सोडलं. सोडताना तिचे हात लगेच सुटले नाहीत.

आगरदांड्याला दिघीचा मचवा यायला वेळ होता. पाळकसाहेब आणि कंपाउंडर लांब जाऊन बसले. खाऱ्या वाऱ्याने साखळी गंजते म्हणून तुम्ही उकिडवे बसून तिला खोबरेल लावत होतात. लावता लावता तुमचे खांदे हलायला लागले. तुम्हाला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. तेलकट हातांनीच तुम्ही मला जवळ घेतलंत. "पोरी, एवढी अक्कल तुला कुठून आली? आज तू मला राखलंस. तू 'हे काय बाहेर बसलेत' म्हणाली असतीस तर त्या भल्या माणसांना तोंड दाखवायला जागा उरली नसती." तुम्हाला माझा अभिमान वाटत होता!

घरी तुम्ही आईपासून काही लपवलं नाहीत, हे तुमच्या बाजूने लिहायलाच हवं. आई मासळी साफ करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला मारलंत त्याचं काही नाही. मी चुलीपुढची, मेले काय आणि जगले काय. पण पोरीच्या तोंडून बाप मारवलात." तुम्ही म्हणालात, "अगं, तिने तर मला वाचवलं." आईने विळीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. विचारलं मात्र काही नाही.

त्यानंतर तुम्ही कधी वर्गणीला गेला नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगितलंत. बोर्डिंगाची नवी खोली उभी राहिली. त्या तापकरी मुलीसारख्या कितीतरी पोरी तिथे शिकल्या, पुढे मी त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाले, आणि खोली उभी राहिली याचं मला वाईट वाटत नाही. मुरूडहून पुढे चार-पाच वर्षं ईदेला माझ्यासाठी कापडाचं पुडकं यायचं. ते तुम्ही न उघडता बोर्डिंगातल्या त्या मुलीला द्यायचात, "हे हिचंच आहे," म्हणून. आभाराचं पत्र मात्र मी लिहायचे, आणि मी काय लिहिलं ते तुम्ही कधी वाचायला मागितलं नाहीत.

शेवटच्या आजारात तुमचं बोलणं तुटक झालं होतं. माणसं ओळखत नव्हतात, पण माझा हात धरून दोनदा म्हणालात, "मुरूडला तू मला राखलंस." मी मान हलवली. दुसऱ्यांदाही हलवली. मरणाऱ्या माणसाशी वाद कोण घालतो? तुम्ही ते घेऊन गेलात, आणि मी इतकी वर्षं ते तसंच राहू दिलं.

स्मरणिकेच्या पानात हे लिहिता आलं नाही, आणि हा कागदही कुठे जायचा नाही. तर सांगते. बाबा, मी तुम्हाला राखलं नाही. मला वर्गणी सुचली नव्हती, त्या भल्या माणसांची लाज सुचली नव्हती, काहीच सुचलं नव्हतं. तुम्ही 'कोणी नाही' म्हणालात आणि मी तुम्हाला मारलं, अगदी मनापासून. ती बाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिला ऐकू जायला एवढ्या मोठ्याने बोलायची गरज नव्हती.