गार पाण्याची गुळणी

आये, आज तुझा लई राग आलाय. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. आत तुझ्या धाकटीला सलाईन लावलंय. तिला सातवा चालू आहे, तुला होता तसाच.

तुझा तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. नर्सबाई बांधावरून येताना दिसल्या न् तू रांजणातलं गार पाणी तोंडात धरून बसलीस. त्या ओट्यावर टेकल्या तेव्हा गिळलंस, तोंड उघडलंस, थर्मामीटर जिभेखाली गेला. "ताप न्हाई की," त्या म्हणाल्या, "मग हात का गं चटके देतोय?" तू म्हणालीस, "चुलीपुढं बसले हुते, बाई." त्या गेल्यावर माझ्याकडं बघून हसलीस. मीही हसलो, आपण काहीतरी जिंकलो असं वाटलं. भाताची लावणी अर्धी राहिली होती, तालुक्याला नेलं असतं तर रोपं कोण लावणार, म्हणून अंगावर काढलंस. लावणी झाली. तू राहिली नाहीस, पोटातलं बाळही राहिलं नाही. आणि लोक वर म्हणाले, "सोशीक हुती." या शब्दाला आग लावावीशी वाटते.

त्यानंतर मी एका जागी टिकलोच नाही. नववीत शाळा सुटली. राहात्याला पेरूच्या क्रेट भरल्या, मिरजगावला हायवेवर भजी तळली. भजी मला चांगली जमतात, कांदा आधी मिठात चोळून ठेवायचा. जाऊ दे, भलतीकडंच चाललो.

चार दिवस अकोले तालुक्यात, धाकटीच्या सासरी आलोय. सकाळी धाकटीला तपासणीला मोटरसायकलीवर आणलं. वाटेत तिचा हात माझ्या खांद्यावर होता, शर्टातून भाजत होता. दवाखान्यापाशी उतरली न् सरळ नळावर गेली. तोंड धुतलं, ओला पदर कपाळावर दाबून धरला. आता थर्मामीटर पिस्तुलासारखा कपाळासमोर धरतात, त्यात ताप दिसलाच नाही. तू गेलीस तेव्हा ती नीट बोलतही नव्हती. तिला हे कुणी शिकवलं, आये?

मी ओरडणार तेवढ्यात लॅबवाल्या मॅडमनी तिला आत बोलावलं. इथं एक नवीन मशीन आलंय, अजून तपासून बघतायत. बोटातून थेंबभर रक्त घेतात न् त्यातून उजेड सोडतात. अंगात जंतू शिरले की रक्त बदलतं, उजेड वेगळा शोषला जातो, पण तो फरक माणसाला दिसत नाही. कॉम्प्युटरला कितीतरी गरोदर बायांचं रक्त दाखवून शिकवलंय, ही आजारी, ही बरी, असं. त्यावरून तो संशय सांगतो, खात्री पुढं डॉक्टर करतात. धाकटीच्या रक्तावर त्याला संशय आला.

"ताप न्हाई म्हणतीस ना?" मॅडम म्हणाल्या.

"न्हाई ओ. गाडीवर दमलेय नुसती."

"अगं, मशीनला सासू नसती. ते कशाला खोटं बोलंल?"

डॉक्टरांनी लघवी तपासली, जंतू सापडले. ॲडमिट करा म्हणाले. तिच्या सासूचा फोन आला, "भात कापायला आलंय, गोळ्या घेऊन घरी आण तिला." धाकटी लगेच चप्पल शोधायला लागली. तेव्हा मी ओरडलो. सगळा वॉर्ड बघत होता. "जा, कर सोशीकपणा! एक गेली, आता तू जा!" हे तिला नव्हतं, आये. तुला होतं. ती रडली, पण चप्पल कॉटखाली सारून आडवी झाली.

तुझ्या वेळी हे मशीन नव्हतं, मान्य. पण तू तोंडानं सांगितलं असतंस तर मशीन कशाला लागलं असतं?

आत्ता ताप उतरलाय. बाळाचे ठोके चांगले आहेत, मॅडमनी मला ऐकवले, धावत सुटल्यासारखे.

मघाशी डबा द्यायला आत गेलो तर धाकटीनं माझा हात धरला. "दादा, तुझं अंग का रं तापलंय?"

"उन्हात गाडी चालवली न्हवं," मी म्हणालो.

परवापासून अंगात ताप आहे, आये. हा कागद आता घडी करून खिशात घालतो. आत जाऊन मॅडमना सांगतो.