बिनआवाजाची गाडी

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
मेहुण्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. मला न विचारता! एकतीस वर्षं गॅरेज चालवतोय. बॉनेटजवळ डोळे मिटून उभा राहिलो की इंजिनाला काय झालंय ते नुसत्या कानाने सांगतो. आणि घरच्याच माणसाने मुकी गाडी आणावी? कुठेतरी पाणी मुरतंय.
संकल्प : तिला हात लावायचा नाही.

५ मार्च.
मेहुणा गॅरेजवर आला. गाडी थेट माझ्या पाठीमागे येऊन उभी, मला पत्ता नाही. एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार ही. बायको म्हणते, त्याने तीनदा हॉर्न वाजवला. भावाची बाजू घेणारच.
रोज चार्जिंगला लावावी लागते म्हणे. गाडी आहे की मोबाईल? ऐन रस्त्यात बॅटरी संपली तर काय करशील, असं विचारलं. काहीतरी पुटपुटला. उत्तर नसलं की माणूस पुटपुटतो.

१० मार्च.
हल्ली सगळेच पुटपुटतात. मिस्त्री वीस वर्षं माझ्याकडे आहे. आज प्लग साफ करता करता माझ्या बायकोशी कुजबुजत होता. मी दिसताच दोघं गप्प. हा इलेक्ट्रिकवाल्यांना जाऊन मिळणार, लिहून ठेवतो. पाळत ठेवायची.
फोनच्या कंपनीनेही रिंग हळू केलीय. तक्रार करायची.

१४ मार्च.
आठवड्यात तीन गाड्या परत. इंजिनातला खडखडाट गेला नाही म्हणे. मला तर काही ऐकू आलं नाही. मिस्त्रीला विचारलं. खाली बघून म्हणाला, थोडा येतोय. फितूर!
तक्रार राहिली.

१८ मार्च.
आता डॉक्टर. कानाचे डॉक्टर, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तेही विचारतात, पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घेऊ का. ते गेले की त्यांचं अख्खं हॉस्पिटल जाणार, आणि गॅरेजला कुलूप. शनिवारी बोलावलंय. सगळ्यांदेखत कानाने तपासून दाखवतो, इंजिन अजून दहा वर्षं जातं ते.
मेहुण्यालाही बोलावलंय. बघू दे.

२२ मार्च, शनिवार. दुपारी.
डॉक्टर आले. मेहुणा, बायको, मिस्त्री, सगळे हजर. मी नेहमीसारखे डोळे मिटले, मान तिरकी केली आणि म्हटलं, करा चालू. शांतता. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडलो. डोळे उघडून बघतो तर डॉक्टर नुसते माझ्याकडे बघतायत. तेव्हा लक्षात आलं : यांनी गुपचूप ह्या गाडीतही बॅटरी बसवली!
बॉनेटवर हात आपटला. हाताखाली गाडी थरथरत होती.
डॉक्टरांनी जवळ येऊन मोठ्याने विचारलं, किती दिवसांपासून असं होतंय. मी म्हटलं, गाडी तर तुम्ही आजच आणलीत. ते म्हणाले, गाडीचं नाही विचारत.
मेहुणासुद्धा हसला नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

२ एप्रिल.
दोन्ही कानांत मशीन. जग फार कलकलाट करतं. गॅरेजचा पंखा इतका करकरतो? कुणी सांगितलं कसं नाही?
बायको म्हणाली, आम्ही सांगत होतो की.
मिस्त्री कुठेही जात नव्हता. मी बिघाड न ओळखता सोडलेल्या गाड्या तो मागाहून नीट करायचा, तेवढंच बायकोला सांगायचा. त्याच्याकडे बघवेना. चहा मात्र मीच नेऊन दिला.
फोनच्या कंपनीची तक्रार रद्द.

४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ४.
डॉक्टरांची गाडी पुन्हा तपासली. खडखडाट आहे, स्पष्ट ऐकला! काम करून देतो म्हटलं, पण इलेक्ट्रिकच्या नादी लागू नका, त्या बॅटरीचा काही भरवसा नाही, ऐन वेळी दगा देते, असं त्यांना समजावत होतो. डॉक्टरांचे ओठ हलत होते. आवाज बंद.
काल चार्जिंगला लावायचं राहिलं होतं.
आता मेहुण्याच्या गाडीत बसून हे लिहितोय. त्याने मशीन तिथेच चार्जिंगला लावून दिलंय. बायको काचेवर टकटक करून काहीतरी विचारतेय. बहुतेक, किती टक्के झालं.