कोच मला ‘बाबा’ म्हणतो

हिबाच्या आजोबांना सलवाहून, आखातातल्या आपल्या लेकाच्या घरून, सलाम. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

हिबाचा बास्केटबॉलचा कोच सर्बियाचा, माडासारखा उंच. देशासाठी खेळायचा, गुडघा गेला तसा पोरींना शिकवायला लागला. मला बघून ‘बाबा, बाबा’ करतो. मी म्हटलं, मी याला बाप दिसते काय? हिबा हसत सुटली. त्यांच्या बोलीत आजीला बाबा म्हणतात. मग मी त्याला गुडघ्याचं तेल दिलं.

आता तो पोरींना दुबईला सामन्यांना नेतोय, त्यात आपली हिबापण. आपला लेक कमाल म्हणतो, अब्बांना विचार, ते हो म्हणाले तरच पाठवू. पोर जेवत नाही, माझा जीव थाऱ्यावर नाही. मी सोबत जाईन. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?

फोन कराल तेव्हा आधी हो म्हणा, मग खुशाली विचारा.

तुमची,
हिबाची आजी