टकल्या शराटीसाठी आणलेली तोफ

तामरी, रविवार

आदरणीय बिहीमामांना,

इद्दरचा सलाम. तुमचे गुडघे, मामींचा खोकला आणि तुमच्या अझरू गावची थंडी, तिन्ही आटोक्यात असोत. इकडे सगळे खुशाल. मला सध्या पालथं झोपावं लागतं; कारण पुढे येईलच.

तुम्ही फोनवर बजावलं होतं, की पक्ष्यांसाठी हातात धरून हिंडता येईल अशीच हलकी लेन्स घे, लांब-जवळ करता येणारी. अगादीरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात शिरेपर्यंत माझ्या मनात तेच होतं. पण दुकानदार मुख्तारभाऊंनी (माणूस गोड, त्यांचा पुदिन्याचा चहा त्याहून गोड) ती हलकी बाजूला सारली, भलीमोठी दुसरी माझ्या हातात दिली आणि दारातून बंदराकडे बघायला लावलं. मामा, बोटीवरचा कोळी जांभई देत होता आणि मला त्याची अक्कलदाढ दिसली! जन्मभर भूगोल शिकवताना लांबचं सगळं नकाशावरच दाखवलेला मी मास्तर, तिथेच विरघळलो. घरी आल्यावर तलाइतमास म्हणाली, "अहो, हिनं पक्ष्याचा फोटो काढायचाय की पक्षी पाडायचाय?"

खरं तर फोटो तुमच्या या सूनबाईलाच हवा होता. इथल्या बायकांची आर्गन तेलाची (केसांना लावतात ते) सहकारी संस्था आहे, ती तिची अध्यक्ष. नव्या बाटलीच्या लेबलावर आपल्या किनाऱ्यावरचा टकला शराटी पक्षीच हवा असं सभेत ठरलं, आणि 'आमचे हे काढतील' असं ही बोलून बसली. म्हणजे कॅमेरा माझा आणि अब्रू तिची.

कड्यावर गेलो. त्या लेन्समधून जगाचा टिचभर तुकडा दिसतो. शराटी खडकावर आणि मी त्यांना ढगांत शोधतोय. "डावीकडे! तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे!" असं तलाइतमासचं चाललेलं. तेवढ्यात एक शराटी किडे टिपत चक्क आमच्याच दिशेनं चालत आला. मी नेम धरला, तर सगळं धूसर! फार जवळचं तिला दिसतच नाही (हे मुख्तारभाऊंनी चहाबरोबर गिळलं होतं). मग मी एक पाऊल मागे, पक्षी एक पाऊल पुढे. मी आणखी मागे, तो आणखी पुढे. अखेर चित्र लख्ख झालं, बटण दाबलं आणि त्याच क्षणी मी मागच्या थोराच्या काटेरी झुडपात बसलो. (थोरांत बसायची इच्छा होतीच, ती अशी पुरी झाली.) लेन्स मात्र डोक्यावर उचलून धरली होती. तलाइतमास धावत आली आणि म्हणाली, "आधी ती इकडे द्या!" ती पुसली, गाडीत उशीवर निजवली, मग माझी पाळी.

फोटोत पक्षी नव्हताच, फक्त डोकं होतं: लालभडक टक्कल, मानेवर चार विस्कटलेली पिसं आणि अपमान झाल्यासारखा डोळा. सभेत तो पाहून तलाइतमासचा चेहरा उतरला. मग म्हाताऱ्या इज्जाआजी म्हणाल्या, "अगं, हे तर तुझे यजमानच की!" बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि एकमतानं तोच फोटो ठरला. केस वाढवणाऱ्या तेलाच्या बाटलीवर टक्कल! प्रवासी बाटली उचलतात, हसतात आणि दोन घेऊन जातात. तलाइतमास हल्ली माझ्या काट्यांच्या जखमांवर स्वतः तेच तेल लावते.

मामींना सलाम.

तुमचा भाचा,
इद्दर

ता. क. – पत्र लिहायचं मूळ कारण राहिलंच. तुमची जुनी हलकी लेन्स मला द्या आणि ही मोठी तुम्ही घ्या. तुमच्याकडच्या देवदाराच्या रानात तुम्हाला शोभेल.

ता. क. २ – पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. काल गच्चीवरून बघत होतो, तर समुद्रावरून शराटींचा अख्खा थवा येत होता. इतक्या लांबून, की सगळेच्या सगळे चौकटीत मावले. तलाइतमासनं डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. तेव्हा वरची ता. क. खोडली असं समजा. लेन्स देणार नाही. तुम्हीच या, दोघांनी धरली की हात थरथरत नाहीत.