जमिनीवरच पेटवलेलं इंजिन

विष्णुपुरी, नांदेड
३ फेब्रुवारी २०२५

ती. मायाताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. बाबांनी माझा कॉलेजातला फोटो स्टेटसला ठेवला, त्यात माझा काय गुन्हा? तेवीस तारखेला, रविवारी, कॉलेजात माझं भाषण आहे. उपग्रह सोडणारी सुरुवातीची बहुटप्पी रॉकेटं कशी रचली, हा विषय. तूच शिकवलेला. ये ना.

रागासोबत थोडा लोभही असू दे.
तुझी,
प्रिया

लातूर
८ फेब्रुवारी

चि. प्रियास,
जय भीम व आशीर्वाद.

दोनदा परीक्षा देऊन मला मिळाली नाही ती सीट तुला पहिल्याच फटक्यात मिळाली. मी क्लासात पोरांना फिजिक्स शिकवते आणि शेजारच्या काकू मला इंजिनिअरची बहीण म्हणतात. जळते मी, चांगली जळते. आई समजूत घालायला आली, म्हणे तुझ्याच जोरावर ती वर गेली. खालच्या टप्प्याचं काय होतं ते आईला कुठं ठाऊक! इंधन संपलं की सोडून देतात. टाळ्या वरच्याला. मी येणार नाही.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद काही ब्लॉक केलेले नाहीत.
माया

विष्णुपुरी
१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
स. जय भीम.

तूच सांगितलं होतंस, पहिला उपग्रह नेणाऱ्या रॉकेटात पुढं वर जाणारं मधलं इंजिनही बाजूच्या चार इंजिनांबरोबर जमिनीवरच पेटवलं. आभाळात गेल्यावर पेटेल याची रचणाऱ्यांना खात्री नव्हती. ताई, मी इथं एकटी आले आणि पेटलेच नाही. गणितात नापास झाले. घरी कुणाला सांगितलं नाही. तुझ्याभोवती पोरं शंका घेऊन उभी असतात, ते आठवून मीपण लई जळते. भाषणानंतर कुणी प्रश्न विचारला तर माझी बोबडी वळेल.

रागाव, पण समोर येऊन बस.
प्रिया

लातूर
१८ फेब्रुवारी

चि. प्रियास,
जय भीम.

नापास वाचून आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चहा केला, बिस्किटंही खाल्ली. मग रडू आलं. शनिवारी दुपारच्या बसनं येते. गणिताचं पुस्तक काढून ठेव. बाबांना मी काही बोलणार नाही.

भाषणात माझे आभार मानू नकोस, चारचौघांत मी अवघडते. मानलेसच, तर नुसतं ताई म्हणून गुंडाळू नकोस. नाव घे, पूर्ण.

महामाया केरबा सोनकांबळे